एकवीस दिवसांची रजा

घरकामगार नोंदणी कचेरीच्या रांगेत माझ्या पुढे दोघीजणी होत्या. एक घरमालकीण आणि तिच्याकडे घरकाम करणाऱ्या मावशी. अर्ज मालकीणबाई भरत होत्या.

"मावशी, आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी लिहू?"

"कुठलीही लिहा. मी येतेच की."

"यायचं नाही, म्हणून तर लिहायचं!"

"मग बुधवार लिहा. पण बुधवारी साहेबांच्या डब्याचं काय?"

"साहेबांना हात आहेत. आता वर्षाची रजा. एकवीस दिवस, भरपगारी."

"एकवीस? सलग?"

"सलग घ्या, तोडून घ्या. हक्काची आहे."

"गावी जायला दीड दिवस, यायला दीड. म्हणजे अठरा दिवस राहता येईल."

"हिशोब अगदी तयार आहे की!"

"जुनाच आहे, ताई. आई फोनवर विचारायची, किती दिवस राहशील? मी म्हणायची, एक रात्र. ती म्हणायची, एका रात्रीसाठी कशाला जिवाची ओढाताण करतेस? मोठी सुट्टी मिळाली की ये."

"अहो, एकदा तरी मला सांगायचंत ना."

"तुम्ही म्हणायचात, मावशी घरच्याच आहेत. मग घरच्या माणसानं सुट्टी कशी मागायची?"

"बरं... कामाला कधी लागलात? खरी तारीख लिहायची आहे."

"तुमची धाकटी रांगायला लागली, त्या महिन्यात."

"म्हणजे अकरा वर्षं झाली."

"तारीख तेव्हाची लिहिली, तर रजा पण तेव्हापासूनची मिळते का हो?"

"मागची कशी मिळेल, मावशी?"

"सगळी नको. आई होती तेव्हाची एक मिळाली, तरी पुरे."