दत्तूमामांची पट्टी

आमच्या विमानाच्या पंख्याचं तुम्हाला सांगितलं नसेल, तर चहा संपायच्या आत ऐका.

जर्मनीत शिकून मी कोल्हापूरला परतलो, ते इथंच एक छोटं विमान बांधायचं ठरवून. पुढच्या पंख्याची लांबी ठरवण्यात माझा महिना गेला. आखूड असला तर ओढ कमी पडणार. लांब असला तर धावपट्टीवर टोक जमिनीला लागून पंख्याबरोबर इंजिनही जाणार. शेवटी उत्तर आलं, बरोबर दीड मीटर.

फाउंड्रीत धातू ओतायच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करणाऱ्या दत्तूमामांना पंखा करायला दिला. काम इतकं देखणं झालं की मी हरखून गेलो. बसवायच्या दिवशी मोजला, तर पंधरा मिलिमीटर जास्त.

“मामा, लांब झालाय.”

मामांनी आपली पट्टी लावली. “दीड मीटर हाय की. तुझी टेप बदल.”

दोन्ही शेजारी धरल्या. मामांची पट्टीच मोठी निघाली.

“मोठीच असतीया ती,” मामा शांतपणे म्हणाले. “वतल्यावर धातू आकसतोय. म्हणून नमुना वाढीव करायचा.”

“पण मामा, हा ओतायचा नाही. हाच लाकडी पंखा विमानाला लावायचा आहे.”

मामा पंख्याकडं बघतच राहिले. “ह्योच? आणि तू त्यात बसणार?”

“हो.”

त्यांनी पंखा माझ्या हातातून काढून घेतला.

“कोल्हापूरचं विमान, कोल्हापूरचा पंखा, कोल्हापूरची पोरं. तासभर भाषण दिलंस. लाकडाचाच उडणार हाय, तेवढं सांगायचं ऱ्हायलं की.”