सामाईक इहीर आन् एक केबल

...आन् वर त्यो लॅपटॉप मलाच इचारतोय, 'विश्वास हाय का?' आता तुम्हीच सांगा, घर माझं, लाईट माझी, लॅपटॉपाखालचं स्टूल बी माझं, आन् चौकशी माझीच! म्हटलं, बुशरा, काय म्हणतंय गं हे? तर म्हणते, "मामू, ह्या फायली ज्यानं लिहिल्या त्याच्यावर विश्वास ठेवायचा का, असं इचारतंय." कुणी लिहिल्या? "मीच लिहिल्या." मग तुझ्यावर विश्वास ठेवायचा का, हे तुझाच लॅपटॉप इचारतोय? काय तरी असंल म्हणूनच इचारतोय ना? तुम्हाला सांगतो, मी काय संशयी माणूस न्हाई. मी आपला फक्त इचारतो.

बुशरा म्हंजी माझी भाची, यवतची. कंपनीत असले बोर्ड बनवते. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर एक काळी चिप, आन् त्या चिपला अक्कल भरायची लॅपटॉपातनं. मला कशाला पायजे असली पट्टी? सांगतो. हितं मांडवगणात आमची आन् पोपटरावाची इहीर सामाईक, वाडवडलांपासनं. मोटार एक, पाळी वाटून घेतलेली. आन् गेल्या उन्हाळ्यापासनं माझी पाळी आली की इहिरीचा तळ दिसतोय! पाणी जातं कुठं? पोपटराव म्हणतो, "फकीरभाई, उन्हाळाच कडक हाय." व्हय का? उन्हाळा काय फक्त माझ्याच पाळीला कडक असतोय? ठरवलं, ह्याला रंगेहाथ धरायचा आन् इहिरीतला संबंधच तोडून टाकायचा. म्हणून ही पट्टी. मोटार चालू झाली की मोबाईलवर मेसेज. बुशरानं मात्र अट घातली, "मेसेज दोघांना बी जाणार, न्हाई तर मी हात लावणार न्हाई." आन् पोपटराव? "करा की!" म्हणून खुशाल बघायला येऊन बसला. माणूस एवढा खुशीत कवा असतो? मी आपला फक्त इचारतो.

तर आधी म्हणं सॉफ्टवेअर टाका. टाकलं. ते म्हणतंय मला अजून एक लागतं. ते टाकलं, तर पहिलं म्हणतंय मीच जुना झालोय, मला नवा करा... अहो, सोयरीक जमवताना बी एवढं रुसवंफुगवं नसत्यात! आन् मधेच त्यो प्रश्न, विश्वास हाय का? बुशरा पाणी प्यायला आत गेली. मी म्हटलं, घाई कशाला, आन् दाबलं 'न्हाई'. झालं! लॅपटॉपानं अंगच चोरलं. हे बटण बंद, ते बटण बंद. पोरगी घामाघूम. "मामू, कुणी हात लावला?" मी पोपटरावाकडं बघितलं. पोपटरावानं माझ्याकडं बघितलं. बुशरानं बी माझ्याकडंच बघितलं, आन् गपचीप 'हाय' दाबलं.

मग केबल! तिची केबल यवतलाच राहिलेली. पोपटराव लगेच खिशात हात घालून, "माझी घे की पोरी, मोबाईलची हाय." लगेच! मी म्हटलं, अजिबात न्हाई, त्यातनं काय आत सोडशील कुणी सांगावं, माझी घे. माझी लावली. पट्टीवरचा दिवा लागला, पण लॅपटॉप म्हणतोय, बोर्ड सापडंना. अरं, डोळ्यासमोर लुकलुकतंय की रं! बुशरानं ड्रायव्हर काढला, परत टाकला, लॅपटॉप बंद केला, चालू केला. सापडंना. मी हळूच म्हटलं, पोपटराव, जरा लांब बसता का? तुमच्या मोबाईलमुळं व्हत असंल... त्यो बिचारा उठून पार उंबऱ्यावर जाऊन बसला.

शेवटी बुशरानं केबल उजेडात धरली. "मामू, मधी ही काळी टेप कसली?"

आता तुम्हाला म्हणून सांगतो. शिरूरच्या ष्टँडवर मी मोबाईल चार्जिंगला लावायचो, तवा एकानं सांगितलं, असल्या ठिकाणी तारेतनं माहिती चोरत्यात. मग मी काय केलं, केबल सोलली, लाईटीच्या दोन तारा ठेवल्या आन् माहितीच्या दोन ब्लेडनं कापून टाकल्या! चोरा म्हटलं आता! बुशरा कपाळाला हात लावून म्हणते, "मामू, चिपला अक्कल त्याच दोन तारांतनं जाती."

पोपटराव उंबऱ्यावरनंच म्हणाला, "देऊ का माझी?" पोटभर हसला असता तर बरं वाटलं असतं मला.

त्याच्या केबलनं सगळं धडाधड! मग एक खोड निघाली, मोटार बंद असताना बी पट्टी 'चालू' म्हणायची. तर बुशरानं काय केलं, चालता प्रोग्राम मधीच थांबवला आन् एकेक करून बघितलं, तुझ्या पोटात काय हाय, तू असं का म्हणतोस. एक ओळ उलटी लिहिलेली, ती सुलटी केली. मी तर बघतच राहिलो! माणसाला असं थांबवून पोटातलं बघता आलं असतं, तर पोपटरावाला म्हटलं असतं, जरा थांब!

पट्टी स्टार्टरच्या पेटीत बसवली. पाळी पोपटरावाची. घरी येऊन टेकतोय, तेवढ्यात माझा मोबाईल वाजला, त्याचा बी वाजला. 'मोटार चालू.' धरला! म्हणून मी उठलो... आन् बघतो तर पोपटराव माझ्यासमोरच बसलेला. मग चालू केली कुणी?

पळत सुटलो. इहिरीवर बघतो तर अकिला, माझी बायको वो! फावडं घेऊन आमच्या शेळ्यांच्या लसूणघासाला दारं धरतीय. म्हटलं, अगं, पाळी त्यांची हाय! तर म्हणते, "म्हणून तर! आपल्या पाळीतलं कशाला घालवायचं?" अगं, पण इहीर एकच हाय ना गं!

मागनं पोपटराव आला. "असू द्या फकीरभाई. भाभी गेल्या उन्हाळ्यापासनं घेत्यात, मला ठाव हाय. शेळ्या काय पाळी बघून खात्यात व्हय?" आन् गेला घरी. तुम्हाला सांगतो, मला तिथंच इहिरीत उतरून बसावंसं वाटलं.

बुशराला बाजूला घेतलं. म्हटलं, हा मेसेज... माझ्या एकट्याच्याच मोबाईलवर येईल, असं करता येतं का? मी आपला फक्त इचारतो. ती म्हणाली, "येतं की मामू. पण त्याला परत केबल लागंल."

आन् केबल पोपटराव खिशात घालून गेला की वो! तवापासनं बसलोय. जाऊन मागितली तर म्हणंल, कशाला पायजे फकीरभाई? आन् त्यो काय संशयी माणूस न्हाई... त्यो आपला फक्त इचारंल.