चार बोटं रबर

मावशी : हात काढा साहेब. चाकाला मिठी मारून बसलात तर जॅक कुठे लावू मी?

नवरा : मिठी नाही मारली. एवढंच म्हणतोय की घाई नको. ही चाकं बसवून तीनच महिने झालेत. सतरा इंची आहेत, मिश्रधातूची. असं चाक या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही.

बायको : गल्लीत नाही, कारण गल्लीला अक्कल आहे. मावशी, तुम्ही काढायला घ्या. घरी चार थरांचा केक उभा आहे, चारला पोचवायचाय. जुनी चाकं मी शेजाऱ्यांच्या टेम्पोतून आणलीत, ती बघा भिंतीला टेकवून ठेवलीत.

नवरा : मला न विचारता.

बायको : बसवताना तुम्ही मला विचारलं होतं?

मावशी : थांबा, थांबा. सासऱ्यांच्या मागे हे टायरचं दुकान मी चालवतेय, तीस वर्षं झाली. लग्नाची घाई पाहिली, परीक्षेची पाहिली, नवरा-बायकोची भांडणं तर रोजचीच. पण केकसाठी चाकं काढा म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. काय झालंय ते सांगा तरी.

बायको : मी घरी केक करते. मोठे, थरांचे. पोचवायला हे येतात, कारण मी मागे केक धरून बसते. ही चाकं आल्यापासून तीन केक पोचवले आणि तिन्हींना तडे. एका मुलीचं नाव लिहिलं होतं, त्याचे मधोमध दोन तुकडे. लोक टाळ्या वाजवायला उभे आणि मी क्रीमनं भेगा लिंपतेय, गवंड्यासारखी.

नवरा : नाव फार लांब होतं ते.

बायको : बघा. म्हणजे दोष बारशाचा.

मावशी : आज कुणाचा केक?

बायको : माझ्या शाळेच्या बाईंचा. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. दोनशे माणसं येणार आहेत. मावशी, आज जर हाही फुटला तर मी मोठा केक पुन्हा करणार नाही. शपथेवर सांगते. वाढदिवसाचे छोटे करीन आणि गप्प बसेन.

मावशी : हं. साहेब, जरा बाजूला सरका. हे बघा बाई, रिम संपते इथून रस्त्यापर्यंत ही रबराची भिंत. बोटं लावून मोजा.

बायको : एक, दोन, तीन, चार.

मावशी : आता त्या जुन्या चाकाला लावा.

बायको : चार, पाच, सहा. अगबाई, दीडपट.

मावशी : ही दोन बोटं कमी झाली, तीच तुमच्या केकला गेली. टायरमधली हवा आणि ही भिंत, दोन्ही मिळून गाडीची गादी असते. खड्डा आला की ही भिंत दबते आणि धक्का स्वतः खाते. बुटक्या भिंतीला दबायला जागाच नाही. मग धक्का वर जातो. स्प्रिंगला, सीटला, सीटवरच्या माणसाला.

बायको : आणि माणसाच्या मांडीवरच्या केकला.

नवरा : पण मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, असं त्या दुकानात सांगितलं होतं.

मावशी : चाक मोठं झालंय कुठे? बाहेरचा घेर तेवढाच आहे. तो वाढवला तर वेगाचं मीटर खोटं बोलायला लागतं, शिवाय टायर मडगार्डला घासतो. वाढलीय ती आतली रिम. पातेलं तेवढंच आणि आत मोठी वाटी ठेवली, तर पाण्याला जागा किती उरणार? तुमचा उद्योग काय, साहेब?

नवरा : चष्म्याचं दुकान आहे.

बायको : तिथे गिऱ्हाइकाला अर्धा तास समजावतात, दिसायला छान म्हणून फ्रेम घेऊ नका, नाकाला झेपेल ती घ्या. आणि स्वतः बघा.

नवरा : ही चाकं दिसण्यासाठी नाही घेतली. मावशी, तुम्ही जाणकार आहात, तुम्हीच सांगा. वळणावर ही चाकं चांगली की नाही? स्टिअरिंग फिरवलं की गाडी त्याच क्षणी वळते. जुन्या चाकांवर आधी विचार करायची, मग वळायची.

मावशी : ते खरं बोललात. उंच भिंत वळताना बाजूला मुडपते, त्यामुळे गाडी जरा उशिरा ऐकते, डुलतेही. बुटकी मुडपत नाही, सांगितलं की लगेच ऐकते. गुळगुळीत रस्त्यावर मजा येते, नाही म्हणत नाही मी. पण जी सगळ्यांचं ऐकते ना, ती सगळ्यांचं सांगतेही. रस्त्यावर खडा असला तरी ही आत येऊन चहाडी करणार. हवा किती ठेवता?

नवरा : चाळीस.

मावशी : चाळीस? गाडीच्या दारावर तीस लिहिलंय.

नवरा : भिंत बुटकी आहे, रिमला मार बसेल. म्हणून म्हटलं थोडी जास्त असावी.

मावशी : थोडी जास्त तर मीही सांगितली असती, चाळीस नाही. म्हणजे आधी गादी काढून फळी टाकली, मग फळी मऊ वाटायला लागली म्हणून तिच्यावर लादी बसवली. धन्य आहे.

बायको : ऐका. मी एवढे दिवस काय सांगत होते? अठ्ठेचाळिसावं वर्ष लागलं मावशी, आणि यांना हौस आली. आधी केस काळे केले. मग तो काळा चष्मा. मग ही चाकं. मला वाटलं आता छपरावर पंख लावतात की काय.

मावशी : साहेब, तुम्ही दिसण्यासाठी घेतली नाहीत म्हणता. मग कशासाठी घेतली?

नवरा : जाऊ दे ते.

मावशी : नट सोडवायला वेळ लागतोय. सांगा की.

नवरा : पाच महिन्यांपूर्वी, म्हणजे जुनी चाकं होती तेव्हा, हिचा एक केक पडला. तीन थरांचा. दवाखान्याच्या कोपऱ्यावर गाडी वळली आणि वरचे दोन थर घसरून हिच्या मांडीत आले. ही म्हणाली, तुमच्या वळणांनी माझ्या कामाचं वाटोळं केलं. आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी मी विचारायला बाहेर पडलो. चार दुकानं पालथी घातली. एकच प्रश्न विचारत होतो, गाडी वळताना डुलू नये म्हणून काय करता येईल? चौथ्या दुकानात म्हणाले, ही चाकं बसवा.

बायको : माझ्या केकसाठी बसवलीत?

नवरा : मग काय माझ्या केसांसाठी?

बायको : हे आधी नाही सांगितलंत.

नवरा : सांगणार होतो. पण तू पाहिल्या पाहिल्या म्हणालीस, म्हातारचळ लागला. त्यावर काय सांगायचं माणसानं? आणि खरं सांगू का मावशी, मला स्वतःला सोसत नाहीत ती. तीन महिने कमरेला पट्टा बांधून गाडी चालवतोय.

बायको : तो पट्टा कमरेचा आहे? मला वाटलं पोट आत दिसावं म्हणून.

मावशी : बाई, हसताय का रडताय?

बायको : काही नाही. तुम्ही लावा जुनी चाकं.

मावशी : लावते. साहेब, तोंड पाडू नका. वळणावर जरा टणक हवी आणि केकही वाचला पाहिजे, तर मधला मार्ग आहे. पंधरा इंची रिम, पाच बोटं रबर. सवडीनं या, बघू. आज मात्र सहा बोटंच बरी. आणि लावल्यावर एक फेरी मारायची, माझ्यासमोर. पाण्याचा पेला ठेवून.

नवरा : पेला कशाला?

मावशी : माणूस मुलाहिजा ठेवतो. पाणी ठेवत नाही.

(अर्ध्या तासानंतर. जुनी चाकं लावलेली गाडी रस्त्यावर आहे. नवरा चालवतो आहे, मावशी त्याच्या शेजारी, बायको मागे काठोकाठ भरलेला पेला ताटलीत घेऊन.)

मावशी : पुढे जलवाहिनीसाठी खणलेला चर आहे. जा त्याच्यावरून, चुकवू नका.

नवरा : जातोय. हा आला. गेला. काय गं?

बायको : हिंदकळलं, पण सांडलं नाही. मावशी, सकाळी याच चरावर माझे दात वाजले होते.

मावशी : आता डावीकडे वळा. रोज वळता तसे, माझी भीड नको.

नवरा : हे वळलो.

बायको : सांडलं. अर्धा पेला माझ्या मांडीवर.

नवरा : बघा, मी म्हणत नव्हतो? ही चाकं डुलतात. खड्ड्यातून वाचवलं आणि वळणावर बुडवलं.

मावशी : मीटर किती होतं?

नवरा : चाळीसच्या आसपास.

मावशी : त्या सतरा इंचीवरही सांडलं असतं. चाळीसनं वळलात तर पाणी बाहेर फेकलं जाणारच, टायर कुठलाही लावा. बाई, ही बाटली घ्या, पेला भरा परत. साहेब, पुढचं वळण वीसनं घ्या.

नवरा : वीस. अगदी वीस. वळलो. सांडलं?

बायको : नाही. एक थेंब नाही.

मावशी : झालं तर मग. खड्ड्याचं औषध टायरमध्ये असतं, वळणाचं तुमच्या पायात. दोन रोगांना एकच गोळी शोधत होतात तुम्ही.

नवरा : पण मावशी, एक गोष्ट पटत नाही. त्या दवाखान्याच्या कोपऱ्यावर मी वीसनंच वळलो होतो. पक्कं आठवतंय. हिनं घरातून निघतानाच बजावलं होतं, म्हणून मीटर बघूनच वळवली.

मावशी : वीसनं?

नवरा : वीसच्या खालीच असेल, वर नाही.

मावशी : वीसनं वळलेल्या गाडीत पाणी सांडत नाही आणि केक घसरतो? असं नाही होत. बाई, तुम्हाला काय वाटतं? बाई?

बायको : गाडी जरा कडेला घ्या.

नवरा : का? पुन्हा सांडलं?

बायको : घ्या ना. हं. आता ऐका, आणि मध्ये बोलू नका. थरांच्या केकमध्ये मधोमध एक लाकडी काडी घालतात. वरपासून खालपर्यंत. तिच्यामुळे थर एकमेकांवर उभे राहतात.

नवरा : माहीत आहे. तीच ना, मी तासून देतो ती?

बायको : तीच. त्या दिवशी ती घालायचीच राहिली. घरी परतले तेव्हा ओट्यावर पडलेली दिसली. तुम्ही तासून ठेवली होती तिथेच. मी ती मैद्याच्या डब्यामागे सरकवली.

नवरा : आणि मला म्हणालीस की माझी वळणं.

बायको : तोंडातून निघून गेलं होतं, मग मागे कसं घेणार? रोज ठरवायची, आज सांगू. मग तुम्ही ती चाकं आणलीत आणि मला राग आला. रागात कबुली कोण देतं? चुकलं माझं. खूप चुकलं.

मावशी : साहेब, मी उतरून थांबू का? तुम्हाला काही बोलायचं असेल तर.

नवरा : बसा मावशी. रागावलो नाहीये. मी आठवतोय फक्त. त्या दिवसापासून मी कोपरा आला की तोंडातल्या तोंडात आकडे मोजत वळतो. स्वतःच्या डोळ्यांचा नंबर दोनदा तपासला. म्हटलं, अंतराचा अंदाज चुकत असेल.

बायको : दोनदा?

नवरा : दोन्ही वेळा ठीक निघाला.

बायको : हसू नका मावशी.

मावशी : मी कुठे हसतेय? मी घाम पुसतेय. चला, साडेबारा झाले, केक वाट बघतोय. मला दुकानापाशी सोडा.

नवरा : निघतो. आज काडी घातलीस का?

बायको : दोन घातल्यात.

नवरा : दोन कशाला?

बायको : एक केकला लागते म्हणून. आणि एक, मला पुन्हा तुमच्या वळणांचं नाव घेता येऊ नये म्हणून.

नवरा : बरं. मग मी जरा पुढे वाकतो, हा कमरेचा पट्टा मागून सोड. आता लागायचा नाही.