लाल दिवा लागल्यावर

आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगला मी किती घाबरलो होतो, ते सांगतो. कोथरूडचा एक स्टुडिओ. सलीमची फ्लूट, मृणालचा पियानो आणि माझं क्लॅरिनेट. सुरुवात मी एकट्यानं करायची होती. लाल दिवा लागला आणि माझं तोंड कोरडं पडलं. फुंकलं, तर नुसती हवा. पुन्हा फुंकलं, तरी तेच. सलीमची बोटं इतकी थरथरत होती, की फ्लूटच्या चाव्या टकटक वाजत होत्या. मृणाल कुजबुजली, "अरे, मला काहीच आठवत नाहीये."

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट काका म्हणाले, "तुमची भीती अगदी स्वच्छ आलीय. आता संगीत घ्यायचं का?"

सलीमला हसू फुटलं, मग आम्हालाही. पुढच्या खेपेला सूर लागला. पण आजही ती रेकॉर्ड कुणी लावली, की पहिला सूर येईपर्यंत मी श्वास रोखून बसतो.