हसूदादांचा काटा खरा होता

पार्वतीवहिनी, ठकूताई, गावकरी मंडळी आणि आमच्या सोसायट्यांमधून आलेले सगळे,

एवढी माणसं बघून बरं वाटलं, आणि बोलायला उभं राहणं आणखीच अवघड झालं. मी शाळेत मराठी शिकवलं. उभा जन्म मुलांकडून कविता चालीवर म्हणून घेतल्या. पण आपल्या हसूदादांच्या शोकसभेत आज दोन धड ओळी सुचत नाहीत. तेव्हा कविता नको. एक गोष्ट सांगतो. ती मी फार आधी, याच हॉलमध्ये सांगायला हवी होती.

हसूदादा तळोज्याच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आपल्या दरवर्षीच्या सोहळ्यासाठी राजचिन्हं घडवली. छत्र, मोर्चेलं, चोपदारांचे दंड. मूळ वस्तू कुणीच पाहिलेल्या नाहीत. उरलीत ती जुनी वर्णनं. ती मी वाचायची आणि त्यांनी पितळेत उतरवायची, असं आमचं चाललेलं. छत्राच्या झालरीला मी एकदा घुंगरं सुचवली.

"लिवलंय का?"

"नाही, पण शोभतील."

"मंग ती तुमचे पोराचे लग्नान लावू!"

असा माणूस. प्रत्येक वस्तूच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत 'नक्कल' असं कोरायचे. म्हणायचे, "उद्या कुनी खरी म्हनून इकली तं?"

मग तराजूची पाळी आली. राज्याभिषेकाला आलेल्या एका परदेशी पाहुण्यानं लिहून ठेवलंय, की उंच भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू होता, न्यायाची खूण म्हणून. त्याची दोन्ही पारडी समान होती, हेही त्यानं लिहिलंय. स्पष्ट लिहिलंय. आणि मी काय केलं? लहानपणी आम्ही शाळेत एक कविता म्हणायचो. तिच्यातल्या राजाचा तराजू गरिबाकडे झुकलेला होता. साठ वर्षं माझ्या डोळ्यांपुढे तोच तराजू. मी सांगितलं, एक पारडं किंचित खाली हवं.

हसूदादांनी हातातला पाना खाली ठेवला.

"लिवलंय?"

"लिहिलंय."

"नक्की, गुरुजी?"

"नक्की."

खोटं बोललो मी, मंडळी. आणि त्या वेळी मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही.

त्यांनी एका पारड्याखाली शिशाचा तुकडा बसवला. मिरवणूक निघाली. ठकूताई, तुम्हाला आठवतंय? बाजारात मासळी तोलण्यात तुमचा जन्म गेला. तुम्ही वर बघितलंत आणि भर रस्त्यात धाकट्या भावाला म्हणालात, "हसू! यो काटा खोटा हाय रं! राजाचे दारान काटा मारतंस?"

सगळे हसले. मीही हसलो. हसूदादांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ताय, हात चुकला माझा."

बस. एवढंच.

त्यानंतर नाक्यावर चहाला गेलं की कुणीतरी म्हणायचंच, "या, काटामारे!" म्हणणारे इथेही बसलेत. चेष्टाच होती, मला माहीत आहे. पण केसाएवढा फरक पडला तर दांडा पुन्हा ओतणारा तो माणूस. त्याला ती चेष्टा कुठे लागली असेल? मी शेजारी बसून चहा पीत होतो.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो आणि सगळं कबूल केलं. ते शिसं काढत होते. रागावले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, कविता गोड हाय तुमची. पन माझा बाप भात इकाला जायचा, त्या व्यापाऱ्याचा काटा पन झुकताच होता. गरिबाला झुकता नको. सरल पायजे."

मी म्हटलं, "मी गावाला सांगतो, चूक माझी होती."

"र्‍हाऊं द्या. तुमी सोसायटीचे पोरांना अजून शिकवताव. पोरांना गुरुजी खरा पायजे."

आणि मी किती चटकन त्यांचं ऐकलं!

मग त्यांनी पंखा बंद केला. एक पारडं बोटानं हलवलं. मला म्हणाले, "आता बोलू नका. श्वासानं पन हलतो." आम्ही दोघं उभे. पारडी वरखाली, वरखाली, मग हळू, मग अगदी एका रेषेत. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मला कुठल्याच कवितेत भेटलेलं नाही.

मंडळी, मी या शहरात आलो तेव्हा फ्लॅटच्या दाराबाहेर माझं कुणी नव्हतं. त्या शेडमध्ये मला म्हातारपणी पुन्हा शाळा मिळाली. तिथे मी लिहिलंय तेवढंच वाचायला शिकलो. माझं नाव राखायला त्यांनी स्वतःचं नाव खाली ठेवलं. याचे आभार कसे मानतात, मला येत नाही. जे येतं तेवढं करतो. हसूदादांचा हात चुकला नव्हता. चुकलो मी होतो. हा बघा तो शिशाचा तुकडा. इतकी वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होता. वहिनी, हा आता तुमच्याकडे ठेवा.

आणि हा त्यांचा तराजू. वहिनींनी आज मुद्दाम घरून आणलाय.

कुणीतरी पंखे बंद करा. आपण सगळे उभे राहू. मी एक पारडं हलवतो. ते स्थिर होईपर्यंत हसूदादांसाठी शांत राहू या. घड्याळ नको.

आणि श्वास जरा हळू घ्या.