जावेचा डबा

तलासरीच्या नाक्यावर वेवजी गावाला जाणारी जीप अजून भरायची होती. माझ्यासमोर दोघी मैत्रिणी बसल्या होत्या. रूपीच्या मांडीवर गरम डबा होता आणि तुळशीला राहवत नव्हतं.

"डबा कोणाला गं?"

"जावेला. ऑपरेशन झालंय ना तिचं, माहेरी आहे."

"तीच ना, तू चर्चला जायला लागलीस म्हणून जिनं तुझी चूल वेगळी केली?"

"तीच."

"आणि तिला तू भाकर नेतेस? पास्टरनं सांगितलं असेल."

"पास्टर म्हणाले, तिच्यासाठी प्रार्थना केलीस तरी पुष्कळ झालं."

"मग?"

"येशूनं सांगितलंय, वैऱ्यावर प्रीती करा. आज्ञा आहे म्हणून पहिल्या दिवशी दवाखान्यात गेले. तोंड फिरवून डबा ठेवला आणि निघाले. म्हटलं, झालं माझं काम."

"बरोबर केलंस."

"दारातून मागं बघितलं, तर तिला झाकणसुद्धा उघडता येईना. हाताला सलाईन होतं. परत गेले, घास करून भरवले. ती रडली, मी पण रडले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी उठून तिला आवडते तशी नागलीची पातळ भाकर थापत बसले होते. आज्ञाबिज्ञा काही आठवलीच नाही बघ."

"बरं, पण आता तिला सोडलं ना दवाखान्यातून? माहेरची माणसं आहेत की करायला."

"दवाखान्यानं सोडलं गं. मी कुठं सोडलंय?"