भुरीचा चीक

भुरीचं पयलं वेत इंझोरीत झालं, पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात. अकरा पिल्लं झाली. पाचव्या दिवशी दोन राह्यली, आठव्या दिवशी एकही नाही. दुसरी मोठी लढाई लागायच्या लय आधीचं सांगून राह्यली मी, माह्या लग्नाले तवा वरीसही झालं नव्हतं.

भुरी म्हणजे माही डुकरीण. माहं माहेर कामरगाव. आमी तुराट्याच्या टोपल्या विणणारे, डुकरं पाळणारे, गावाच्या भाईर राह्यणारे लोकं. बापानं लग्नात भुरी देल्ली, बाकी देयासारखं काही नव्हतंच. कामरगावाहून इंझोरीले चालत आलो तं पुढे मी, मागं भुरी, तिच्या पायाले दोरी, अन कारंज्याच्या वेशीत लोकं हासत, नवरी कोणती वं यातली, म्हणत. हासा म्हटलं, आपलं काय जाते.

आमच्यात रीत अशी होती, डुकरीण व्याली की पिल्लं लगेच उचलायची अन डाल्याखाली झाकायची. डालं म्हणजे कोंबड्या झाकतात ते मोठं टोपलं, आमीच विणलेलं. आई अंगाखाली चिरडीन म्हणून झाकायची. अन दुसरं असं का पयलं दूध, तो पिवळा घट्ट चीक, तो पाजायचा नाही, तो पिलाच्या पोटात सडते म्हणत. दोन दिवस तो मातीत पिळून टाकायचा, पिलायले गुळाचं पाणी द्यायचं, तिसऱ्या दिवशी देवीले शेंदूर लावून डालं उचलायचं. तवर अर्धी गार पडलेली राहत. जी राह्यली त्यायले उठायची ताकत नसे, अन उठून बाजूले होत नाही ते मंग खरंच आईच्या अंगाखाली जाते. मंग सारे म्हणत, पाह्यलं, आई चिरडते.

सासूले मी आत्याबाई म्हणत होती. हात असा का तिच्या टोपल्यात पाणी ठेवलं तं गळणार नाही, अन तोंडही तसंच, त्यातून कोणी सुटे नाही. भुरीचं वेत गेलं तवा म्हणे, गंगे, तुह्या बापानं खोटी डुकरीण देल्ली. पुढचं वेत गेलं तं दोघी मिळून कामरगावाची वाट धरा. आमचे मालक तिथंच होते, खाली मान घालून तुराट्या सोलत राह्यले.

दुसऱ्या वेताले भुरी दोरी तोडून पळाली. चार दिवस सापडली नाही. मी रडत रडत नाल्याच्या काठानं हिंडली, तं निरगुडीच्या जाळीत निजेल होती, गवताचा बिछाना करून, अन अंगाले नऊ पिल्लं. नऊच्या नऊ, पोटं टरारलेली. मी तिथं दिवसभर बसली. भुरी कशी निजे ते पाह्यलं. आधी पुढचे गुडघे टेके, घुरघुरे, पिल्लं सरकत, मंग अंग टाके. पाठीमागं एक पडेल खोड होतं, एखादं पिल्लू चुकून मागं राह्यलं तं त्या खोडाखालच्या फटीत निसटे.

घरी आणली. आत्याबाई म्हणे, देवीनं राखली. मी म्हटलं, मंग डाल्याखालच्यायले देवीनं काहून नाही राखलं? तिनं हातातलं टोपलं फेकून मारलं.

तिसऱ्या वेताले आत्याबाई टोपल्या विकाले कारंज्याच्या बाजारात गेल्ती, नणंदेच्या घरी दोन दिवस राह्यली. मले तवा तिसरा महिना होता. डुकरायच्या खोपटीच्या कुडाले लागून मी एक जाड बांबू बांधला, जमिनीपासून वीतभर वर, कुडापासून वीतभर दूर, पिलायले निसटाले. खाली सुकं गवत टाकलं. एकेक पिल्लू आलं तसं पुसलं अन सडाले लावलं, जे बारीक होतं त्याले सगळ्यात पुढच्या सडाले, तिथं दूध जादा. दहा झाली, एक मरेलच आलं, नऊ जगली. तिसऱ्या दिवशी आत्याबाई आली, डालं उचलाले म्हणून शेंदूर घेऊनच आत गेली, अन पिल्लं मोजून भाईर आली. मंग आमच्या बायायले सांगत फिरली, ही माह्या हातची रीत आहे.

थंडीच्या दिवसात मले पोरगं झालं. त्याच आठवड्यात भुरीही व्याली. पोराले आत्याबाईनं उचललं, फडक्यात गुंडाळलं, टोपल्यात ठेवलं, माह्याजवळ नाही देल्लं. कापसाचा बोळा गुळाच्या पाण्यात बुडवून त्याच्या तोंडाले लावे. मले चीक फुटलेला, छाती दगडासारखी. मी म्हटलं, आत्याबाई, पाजू द्या. पिलायचं पाह्यलं ना तुमी. तं म्हणे, तू काय डुकरीण आहेस का वं? साऱ्या बाया हासल्या. काय सांगू तुमाले, मीही हासली. मंग कोपऱ्यात बसून आपल्याच हातानं चीक मातीत पिळला.

आत्याबाई मधातून उठे, खोपटीत जाये, भुरीची पिल्लं सडाले लावे, हात धुवे, अन येऊन माह्या पोराले बोळा लावे. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी मले पोरगं देल्लं. तोंड लावे पण ओढायची ताकत नव्हती. पाचवीची पूजा मांडली होती, त्याच्या आधीच गेलं. मालकानं नाल्याच्या पल्याड पुरलं.

दोन वर्षानं पुन्हा दिवस भरले. पोटात कळ आली तशी मी उठली अन डुकरायच्या खोपटीत जाऊन बसली, आतून दाराची झापड बांधून घेतली. आत्याबाई भाईरून बोंबलली, गंगे, भाईर ये, लोकं तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, तुमीच म्हटलं होतं ना आत्याबाई, डुकरीण. आता डुकरीण कुठं व्याते? तिनं झापड नाही उघडली. मालक पाठ करून उभे होते, ते फटीतून दिसत होतं. भुरी बाजूले निजेल होती. पोरगी झाली. नाळ मीच कापली, तुराटी सोलायच्या चाकूनं, तो आधी इस्तवावर धरून आणेल होता. पोरगी फडक्यानं पुसली अन तशीच अंगाले लावली. दिवस मावळला तवा भाईर आली.

वस्तीतल्या बाया अजून मले डुकरीण म्हणतात. त्यायच्या डुकरायच्या पिलायले मात्र कोणी डाल्याखाली झाकत नाही. पोरायले बोळाच लावतात.

भुरी मेली, आत्याबाई मेली. मले चार लेकरं झाली. पयल्याले चीक पाजला नाही. बाकीच्या तिघायले पाजला. तिघं आहेत.